बाजार समिती मोडायची, की शेतकऱ्याच्या हातात द्यायची?

बांधावरचा

शेतीतल्या सुधारणांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच पार्ट्या पडतात. एक म्हणते, बाजार मोकळा करा, बाकी आपोआप होतंय. दुसरी म्हणते, हमीभावाचा कायदा करा, बाकी आपोआप होतंय. २०२० च्या तीन कृषी कायद्यांवरून याच दोन पार्ट्या भांडल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे गेले, भांडण होतं तिथेच राहिलं.

गंमत म्हणजे त्या कायद्यांतलं बरंचसं महाराष्ट्रात आधीपासून होतं. केंद्राचा २००३ चा आदर्श (नमुना) बाजार समिती कायदा आल्यावर काही वर्षांतच आपण खासगी बाजार आणि थेट खरेदीचे परवाने सुरू केले. जुलै २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, त्याची अडत (दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. एवढं होऊन माझं सोयाबीन अजून त्याच अडत्याच्या दारात जातं. तिथे काटा आहे, हमाल आहे, आणि पेरणीला पैसे कमी पडले तर उचलही तोच देतो.

मला प्रश्न वेगळाच पडतो. १९६३ च्या कायद्याने बाजार समिती आली ती शेतकऱ्याची लूट थांबावी म्हणून. आज ती चालवतं कोण? १८ निवडून आलेले संचालक : ११ सोसायटी मतदारसंघातून, ४ ग्रामपंचायतीतून, २ व्यापारी-अडते, १ हमाल-मापाडी (माल उचलणारे-तोलणारे). त्या ११ जणांना मत देतात ते गावोगावच्या विकास सोसायट्यांचे (पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थांचे) संचालक. म्हणजे इतकी वर्षं माल घालणाऱ्या मला मत नाही. २०१७ मध्ये शेतकऱ्याला थेट मत दिलं, २०२० मध्ये काढून घेतलं, नंतर निवडणूक लढवायची मुभा दिली. मी उभा राहू शकतो, पण स्वतःला मत देऊ शकत नाही!

माझं मत : समिती मोडू नका, तिची मतदार यादी दुरुस्त करा. तुमच्या भागात सोसायटी, समिती, गोदाम, उत्पादक कंपनी यातलं काय खरंच चालतं आणि का चालतं, ते लिहा. "सगळे चोर आहेत" एवढंच लिहायचं असेल तर नको, ते माहीत आहे.

मिरगाचा_पाऊस

वाचतोय. चहा ठेवलाय.

नगरी_नाना

विषय चांगला काढलास, पण मतदार यादीने एवढा फरक पडेल असं मला वाटत नाही. २०१८ ला सोलापूर बाजार समितीची निवडणूक शेतकऱ्यांच्या थेट मतदानाने झाली होती. समोरासमोर कोण होतं? पुढाऱ्यांचीच पॅनेलं. मतदार वाढले की जेवणावळी वाढतात एवढंच.

आणि खर्च कोणी करायचा? निवडणुकीचा खर्च समितीच्या गळ्यात. मुंबई-पुण्याच्या समित्यांना काही वाटणार नाही, पण तालुक्याच्या कितीतरी समित्यांकडे सचिवाचा पगार वेळेवर करायला पैसा नसतो. थेट मतदान काढून घेताना हेच कारण दिलं होतं. कारण सोयीचं होतं हे मान्य, पण खोटं नव्हतं.

निफाडचा_गडी

नाना आणि बांधावरचा, दोघांनाही साष्टांग. आमच्याकडे समिती चालते हो! ट्रॉली लिलावात लागते, चार लोकांसमोर बोली होते, काटा इलेक्ट्रॉनिक आहे, हिशेबपट्टी हातात मिळते. आमचं मढं दिल्लीत निघतं.

ऑगस्ट २०२३ : कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क. ८ डिसेंबर २०२३ : निर्यातबंदी. मार्चमध्ये उठणार होती, ती पुढे ढकलली. मे २०२४ ला उठवली, तर टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि वर ४० टक्के शुल्क. सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आणलं, १ एप्रिल २०२५ ला काढलं. त्याआधी २०१९ आणि २०२० च्या सप्टेंबरातही बंदीच होती.

आता मला सांगा, कांदाचाळ बांधायची तर कशाच्या भरवशावर? चाळीतला कांदा महिने-महिने सांभाळायचा, त्यातला काही सडणार, काही वजनात घटणार, आणि विकायच्या आठवड्यात रात्री एक अधिसूचना निघणार. ८ डिसेंबरला लोकांच्या ट्रॉल्या भरून उभ्या होत्या. व्यापाऱ्यांनी लिलावच थांबवले, सुरू झाले तेव्हा भाव पार कोसळलेला. त्यात समितीचे संचालक शेतकऱ्यांनी निवडले असते तर काय वेगळं झालं असतं?

पुणेरी_पिशवी

आम्ही मंडईत ८० रुपये किलोने कांदा घेतो तेव्हा तो पैसा कुठे जातो, हे कोणी सांगेल का? शेतकऱ्याला मिळत नाही, व्यापारी म्हणतो मला परवडत नाही, सरकार म्हणतं आम्ही ग्राहकाचं बघतो. ग्राहक मीच ना?

मिरगाचा_पाऊस

पिशवीताई, तो पैसा पिशवीला भोक आहे तिथून जातो.

निफाडचा_गडी

ताई, ८० चा कांदा वर्षातून फार तर काही आठवडे असतो. बाकीचे महिने तो मातीमोल जातो तेव्हा टीव्हीवर बातमी नसते. आणि जेव्हा ८० असतो तेव्हा बहुतेक शेतकऱ्यांच्या चाळी रिकाम्या झालेल्या असतात.

तोलाईवाला

माझे वडील मार्केट यार्डात हमाल होते. म्हणून हा विषय आला की मी सावध होतो, कारण अडतीपासून सुरुवात होते आणि गाडी शेवटी हमालावर घसरते. पट्टीवर "हमाली" दिसते म्हणून हमाल लुटारू. व्यापाऱ्याचा नफा पट्टीवर छापलेला नसतो म्हणून तो दिसत नाही.

१९६९ च्या माथाडी कायद्याआधी पाठीवर क्विंटलचं पोतं वाहणाऱ्या माणसाला ना भविष्य निर्वाह निधी, ना दवाखाना. बाजार समित्या "मोडा" म्हणणाऱ्यांच्या हिशेबात ही माणसं कुठे आहेत?

निफाडचा_गडी

तोलाईवाले भाऊ, हमालीबद्दल तक्रार नाही. पण भुईकाट्यावर ट्रॅक्टर चढला, आकडा आपोआप उमटला, तरी तोलाई (माल तोलण्याचे पैसे) कापायची, ती का? एप्रिल २०२४ मध्ये याच हमाली-तोलाईच्या कपातीवरून आमच्या जिल्ह्यात लिलाव बंद पडले होते. व्यापारी आणि माथाडी भांडले, आणि घरात कांदा शेतकऱ्याचा पडून राहिला.

तोलाईवाला

काट्याबद्दलचा मुद्दा रास्त आहे. जे काम होत नाही त्याचे पैसे शेतकऱ्याने देऊ नयेत. पण मग मापाड्याला दुसरं काम द्या. प्रतवारी करायला माणसं नाहीत म्हणून ओरड असते, त्यांना तेच शिकवा. यार्डात आयुष्य घालवलेला मापाडी मूठभर सोयाबीन हातात घेऊन सांगतो त्यात किती ओल आहे.

ई_नामदार

प्रतवारीवरून आठवलं. ई-नाम, म्हणजे केंद्राचा ऑनलाइन शेतमाल बाजार, १४ एप्रिल २०१६ ला सुरू झालं. कल्पना अशी की लातूरच्या मालाला इंदूरच्या व्यापाऱ्यानेही बोली लावावी. आमच्या समितीत ते आहे. म्हणजे संगणक आहेत, एसी आहे, लिलाव मात्र यार्डात तोंडीच होतो आणि संध्याकाळी ऑपरेटर पोरगा आकडे भरतो. कागदोपत्री सगळा व्यवहार ऑनलाइन.

व्यापाऱ्याला शिव्या देऊन उपयोग नाही. इंदूरच्या माणसाने न बघता माल घ्यायचा तर ओलावा किती, डागी दाणा किती, माती किती हे कुणीतरी तटस्थ माणसाने तपासून लिहून द्यायला हवं, आणि ते चुकलं तर भरपाई कोण देणार हेही ठरायला हवं. ती व्यवस्था उभी करणं कंटाळवाणं काम आहे, त्याचं उद्घाटन करता येत नाही.

गटसचिव

मी विकास सोसायट्यांचा गटसचिव. बांधावरच्यांनी सोसायटीच्या संचालकांना मत आहे म्हणून तक्रार केली, तर आता सोसायटीच्या आतलं सांगतो.

सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ चा. एवढी जुनी संस्था, पण आज बहुतेक सोसायट्यांचं काम एकच : जिल्हा बँकेचं पीककर्ज सभासदापर्यंत पोचवायचं आणि मार्च अखेर वसूल करायचं. मधल्या थोड्याशा व्याजाच्या फरकावर संस्था जगते. ३१ मार्चच्या आधी आमच्याकडे जत्रा असते. सभासद सकाळी सावकाराकडून किंवा मेव्हण्याकडून पैसे आणतो, कर्ज भरतो, काही दिवसांनी नवं कर्ज उचलतो आणि ते पैसे परत करतो. याला आम्ही नवं-जुनं म्हणतो. कागदावर वसुली छान दिसते. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला वेळेत फेडलं तर व्याज शून्य, म्हणून लोक धडपड करतात. पण त्या दोन-चार दिवसांचं व्याज सावकार घेतोच, ते कुठल्या तक्त्यात येत नाही.

कर्जमाफीने काय केलं तेही सांगतो. २०१७ ला दीड लाखापर्यंत, २०१९ ला दोन लाखांपर्यंत माफी. अडलेल्या माणसाला ती हवीच होती, त्याबद्दल वाद नाही. पण जो दागिने मोडून वेळेवर भरत होता, तो ऑफिसात येऊन मला विचारायचा, "साहेब, मी येडा का?" २०१९ च्या योजनेत नियमित भरणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन जाहीर झालं, ते हातात पडायला २०२२ उजाडलं. तोवर काहींनी भरणं सोडून दिलं होतं.

आता केंद्राने २०२३ मध्ये सोसायट्यांसाठी आदर्श उपविधी (नमुना नियम) दिले आहेत. सोसायटीने खत विकावं, गोदाम चालवावं, पेट्रोल पंप घ्यावा, असे पंचवीसहून जास्त उद्योग. संगणकीकरणही चालू आहे. चांगलं आहे. पण एका सचिवाकडे अनेक सोसायट्या असताना पेट्रोल पंपावर नळी कोण धरणार?

नगरी_नाना

सचिव, शेवटचं वाक्य भिंतीवर लावावं असं आहे.

काळ्या_रानातली

मी एका शेतकरी उत्पादक कंपनीची संचालक आहे. विदर्भ, सोयाबीन-तूर-हरभरा. गाव सांगत नाही, सांगितलं तर उद्या फोन येतील.

कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद २००२ पासून आहे, पण पीक आलं ते २०२० च्या दहा हजार कंपन्यांच्या योजनेनंतर. तीन वर्षांत व्यवस्थापनाला १८ लाखांपर्यंत, आणि सभासदामागे २ हजार या हिशेबाने भागभांडवलाला जोड, कमाल १५ लाख. ऐकायला बरं वाटतं. खरेदीच्या हंगामात सोयाबीनचा एक ट्रक भरायचा तर दहा टनाला चार लाख लागतात, तेही एका ट्रकला. बँक म्हणते तारण काय? आमच्याकडे तारण म्हणजे एक चाळणी, एक ओलावामापक आणि भाड्याचं गोदाम.

सभासदांनी शेअर घेतले. उत्साहाने घेतले, फोटो काढले. माल मात्र गावातल्या व्यापाऱ्याला. का? तर पोरीच्या लग्नाला त्यानेच पैसे दिले होते, आणि तो काट्यावरच रोख देतो. आम्ही म्हणतो, गिरणीचे पैसे आले की आठ दिवसांत देऊ, क्विंटलमागे शंभर जास्त देऊ. शेतकरी शंभर रुपयांकडे बघत नाही, आठ दिवसांकडे बघतो. आणि तो चूक करत नाही.

२०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजार त्याच्या बराच खाली. सरकारी खरेदी केंद्रावर १२ टक्के ओलाव्याची अट. पाऊस ऑक्टोबरात पडलेला. ओला माल परत जायचा, आणि परत नेण्याचं भाडं भरण्यापेक्षा लोक बाहेरच व्यापाऱ्याला देऊन मोकळे व्हायचे. अट १५ टक्क्यांवर आणली ती नोव्हेंबर अर्धा सरल्यावर. तोवर गरजू माणसाचा माल गेला होता. केंद्रावर १३.२ की १४.१ यावरून जी हमरीतुमरी व्हायची ना, यंत्रात परत परत दाणे घालून आकडा बघायचा. आमच्या यंत्राचा आणि त्यांच्या यंत्राचा आकडा कधीच जुळला नाही.

बांधावरचा

ताई, मग कंपनी चालते का नाही?

काळ्या_रानातली

चालते, पण खरेदी-विक्रीवर नाही. बियाण्यावर चालते. घरचं सोयाबीन निवडून, उगवण तपासून, सभासदांनाच देतो. त्यात उधारी कमी आणि गरज खरी. मोहाडीच्या सह्याद्री या शेतकरी उत्पादक कंपनीचं उदाहरण सगळे आम्हाला देतात. ते मोठंच काम आहे, पण द्राक्षाला निर्यातीचा ग्राहक आहे आणि तो औषधांचे अवशेष नसलेल्या मालासाठी जास्त पैसे मोजतो. आमच्या सोयाबीनला तेल गिरणी एकच भाव देते, मग ते माझ्या रानातलं असो की तुमच्या.

कोल्हापुरी_उसाडा

काय ओ, एवढी चर्चा झाली आणि उसाचं नाव नाही? प्रवरानगरला १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तो का चालला? ऊस तोडला की लगेच गाळायला लागतो, घरात ठेवता येत नाही. कारखान्यालाही आसपासचाच ऊस परवडतो. दोघं एकमेकाला बांधलेले. ताईंचं सोयाबीन पोत्यात भरून कुणालाही विकता येतं, म्हणून सभासद निसटतो.

नगरी_नाना

आणि बांधलेले होते म्हणूनच पुढे कारखाना आमदारकीची शिडी झाला. सभासद जाणार कुठे? उसाडा, अर्धीच गोष्ट सांगू नका.

कोल्हापुरी_उसाडा

अर्धी मी सांगितली, अर्धी तुम्ही. झाली की पूर्ण.

आल्समेरकर

मी नेदरलँड्समध्ये फुलांच्या धंद्यात नोकरी करतो. इथलं आल्समेरचं फुलांचं लिलावघर उत्पादकांच्याच सहकारी संस्थेचं आहे. म्हणजे बाजार समिती, पण मालकी शेतकऱ्यांची. व्यापारी तिथे गिऱ्हाईक, संचालक नव्हे. घड्याळावर भाव वरून खाली येतो आणि पहिल्यांदा बटण दाबेल त्याचा माल.

मिरगाचा_पाऊस

आला. नेदरलँड्स आल्याशिवाय शेतीचा धागा पूर्ण होत नाही. आता इस्रायल कोण आणतंय?

आल्समेरकर

हसा. पण मुद्दा घड्याळाचा नाहीच. उत्पादकाला मत आहे आणि माल तिथेच घालायचं बंधनही त्याने स्वतःहून वर्षानुवर्षं पाळलं. बांधावरचे, तुम्हाला मत मिळालं तर माल समितीतच घालाल का?

पूर्णियात_पोस्टिंग

मी काही वर्षं बिहारात मक्याच्या खरेदीत होतो, म्हणून समिती मोडण्याबद्दल. बिहारने २००६ मध्ये बाजार समिती कायदाच रद्द केला. कल्पना अशी होती की खासगी बाजार उभे राहतील. पूर्णियाचं गुलाबबाग आजही मक्याचं मोठं मार्केट आहे, ते कायद्याशिवायही भरतं. पण शुल्क बंद झालं म्हणून शेड, रस्ता, नाला यांना मालक उरला नाही. बोली नाही; अडत्याने सांगितला तो भाव. हमीभावाच्या खाली मका विकला जाणं तिथे बातमीच नाही.

उलट बाजूनेही सांगतो : खरेदीदार म्हणून आम्हाला तिथे कटकट कमी होती, मोठ्या कंपन्या आल्या, मक्याचं क्षेत्र वाढलं. त्यामुळे "मोडलं आणि सत्यानाश झाला" असं मी म्हणणार नाही. नवीन काही उभं न करता मोडलं, एवढंच म्हणेन.

गोदामराव

साठवणीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. माल समितीच्या गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याज, सहा महिने. इतकी साधी योजना, आणि कित्येक समित्या ती राबवतच नाहीत. गोदाम असतं, ते व्यापाऱ्याला भाड्याने दिलेलं असतं.

पण साठवण म्हणजे हमखास फायदा असंही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये काही बाजारांत सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं. ते बघून पुढच्या हंगामात लोकांनी घरात भरून ठेवलं, आणि भाव खालीच येत राहिला. डिसेंबर २०२१ पासून सोयाबीन, हरभरा वगैरे सात मालांचा वायदा (पुढच्या तारखेचे सौदे) बंद केला, त्यामुळे पुढचा भाव काय असेल याचा अंदाज बांधायची खिडकीही गेली. व्यापारी फोनाफोनी करून अंदाज बांधतो. शेतकरी व्हॉट्सअ‍ॅपवर.

पुणेरी_पिशवी

एक शंका. मतदार यादी दुरुस्त करा म्हणताय, तर यादीत नाव कुणाचं? २०१७ च्या नियमात दहा गुंठे जमीन नावावर आणि पाच वर्षांत तीनदा माल घातलेला, असं वाचलं. माझी मावशी सगळी शेती एकटीने बघते, सातबारा मामांच्या नावावर.

काळ्या_रानातली

हाच मुद्दा मी लिहिणार होते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती काढली तेव्हा काही गावांनी बायकांच्या नावावर जमीन करून दिली होती, पण ती गावं राहिली तेवढीच. शिवाय बटाईने करणारे. सातबारा एकाचा, घाम दुसऱ्याचा; पीककर्ज, विमा, हमीभावाची नोंदणी सगळं सातबाऱ्यावर. बटाईदार माल मालकाच्या नावानेच घालतो, मग पावतीही त्याची नाही.

नगरी_नाना

म्हणजे यादी सातबाऱ्यावर न करता पावतीवर करायची? जो माल घालेल त्याला मत?

बांधावरचा

नाना, मला ते पटतंय. आल्समेरकरांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच येतं : घालेन, कारण घातला नाही तर मत नाही. निफाडच्या गड्याचं म्हणणंही मान्य, दिल्लीची अधिसूचना कुठलीच समिती थोपवू शकत नाही. पण शेतकऱ्यांनी निवडलेल्या समित्या असत्या तर बंदीच्या दिवशी त्यांच्या सभापतींना निदान तोंड उघडावं लागलं असतं. आज ते ज्या पक्षाचे, त्या पक्षाचं तोंड.

गटसचिव, तुम्हाला एक विचारतो. थेट मत येईल तेव्हा येईल. आत्ता सोसायटीचा सभासद म्हणून मला काय करता येतं?

गटसचिव

३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते. तिथे लेखापरीक्षण अहवाल आणि दोष-दुरुस्ती अहवाल मांडावा लागतो. अहवालाची प्रत आधी लेखी मागा, पोच घ्या. थकबाकीदार संचालक पदावर राहू शकत नाही, त्यामुळे थकबाकीची यादी नीट वाचा. आणि सभेला प्रत्यक्ष जा. बऱ्याच ठिकाणी सभा होते ती रजिस्टरमध्ये. शिपाई घरोघर सह्या घेऊन येतो. सही करण्याआधी ठराव वाचायला मागितले तरी खूप झालं.

कोल्हापुरी_उसाडा

आमच्याकडे सही झाली की वडापाव मिळतो. वडापाव आधी मागायचा, का अहवाल?

गटसचिव

अहवाल आधी. वडापाव मिळाला की कोरम फुटतो.

निफाडचा_गडी

पावतीवर मत ही कल्पना आवडली, पण मग व्यापारी आपल्या माणसांच्या नावाने पावत्या फाडतील. आमच्याकडे अनुदानाच्या वेळी झालंय ते. यावर कुणाकडे तोड असेल तर लिहा. मी उद्या रात्री बघतो, सकाळी ट्रॉली घेऊन जायचंय.